गेटला बसण्याआधी दार कुठलं ते ठरवा

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात सबमिशनच्या गडबडीत कुणालाही विचारा, ‘गेट (इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) देतोयस का?’ हो म्हणणारे बरेच निघतील. कशासाठी, असं विचारलं की उत्तर येतं, ‘स्कोअर येऊ दे, मग बघू.’ तयारी भरकटते ती इथेच. स्कोअर एकच असला तरी तो वेगवेगळ्या दारांवर चालतो. प्रत्येक दारावर लागणारे गुण, कागदपत्रं आणि तारखा निराळ्या असतात, आणि त्या निकालानंतर शोधायला बसलात तर अर्धी दारं तोवर बंद झालेली असतात.

पहिलं दार एम.टेक.चं. आयआयटी, बंगळुरूची आयआयएससी, एनआयटी (आपल्याकडे नागपूरचं व्हीएनआयटी, शेजारी गोव्याचं एनआयटी) आणि राज्यातली सीओईपी, व्हीजेटीआय यांसारखी कॉलेजं इथे येतात. दुसरं दार संशोधनाचं. आयआयटीतलं एम.एस. बाय रिसर्च किंवा बी.ई.नंतर थेट पीएच.डी. यात मोडतं. तिसरं दार नोकरीचं. एनटीपीसी, पॉवरग्रिड, गेल यांसारख्या सार्वजनिक कंपन्या गेटच्या गुणांवर इंजिनिअर घेत आल्या आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्रही गेटच्या स्कोअरवर मुलाखतीला बोलावतं. मात्र कुठली कंपनी यंदा भरती करणार आणि कुठल्या शाखेची, हे दर वर्षी जाहिरात निघाल्यावरच कळतं. एम.टेक.ला स्कोअर निकालापासून ३ वर्षं चालतो, कंपन्या बहुतेक वेळा त्याच वर्षीचा मागतात. हा फरक माहीत नसल्यामुळे गेल्या वर्षीचा चांगला स्कोअर हातात धरून बसलेले उमेदवार दर वर्षी दिसतात.

एम.टेक. करावं का

खर्चाचा हिशोब आधी कागदावर मांडा. गेट पात्र विद्यार्थ्याला एम.टेक.ला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. २४ महिन्यांचे झाले २,९७,६००. त्या बदल्यात आठवड्याला साधारण ८ तास विभागाचं काम करावं लागतं: लॅब घेणं, ट्युटोरियल तपासणं. सरकारी संस्थेत फी आणि मेस यात बरीचशी भागते, पण शिल्लक पडत नाही. आता समोर ४ लाखांची नोकरी असेल तर दोन वर्षांत सोडलेला पगार ८ लाख. एम.टेक.ची खरी किंमत ही आहे, फी नव्हे. ती वसूल होईल का, हे संस्था आणि स्पेशलायझेशन या दोन गोष्टींवर ठरतं.

आमचं मत स्पष्ट आहे. जुन्या आयआयटी, आयआयएससी आणि पहिल्या फळीतली एनआयटी इथे व्हीएलएसआय (चिप डिझाइन), स्ट्रक्चर, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, थर्मल, कॉम्प्युटर सायन्स अशा ज्यांना बाहेर मागणी आहे त्या विषयांत प्रवेश मिळत असेल, तर दोन वर्षं सत्कारणी लागतात. गेटशिवाय, फी भरून, घराजवळच्या कॉलेजात केलेलं एम.टेक. प्राध्यापकीसाठी उपयोगाचं असतं, कारण तंत्रशिक्षणाची नियामक परिषद असलेल्या एआयसीटीईच्या नियमानुसार इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायला बी.ई. आणि एम.ई. दोन्ही लागतात आणि त्यातल्या एकात तरी प्रथम वर्ग. उद्योगात मात्र त्या पदवीचं वजन फारसं पडत नाही. ‘नोकरी नाही लागली म्हणून एम.टेक.’ हे कारण पुरेसं नाही; दोन वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो, फक्त वय दोनने वाढलेलं असतं.

संशोधनाची ओढ असेल तर गणित बदलतं. केंद्रीय संस्थांत पीएच.डी.ची फेलोशिप जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी एम.टेक.ला टीए (टीचिंग असिस्टंट) आणि आरए (रिसर्च असिस्टंट) असे दोन प्रकार असतात. टीएचं एम.टेक. दोन वर्षांत होतं, आरएचं तीन वर्षांत. आरएला कटऑफ बहुधा खाली असतो, पण लेखी परीक्षा किंवा मुलाखत द्यावी लागते. स्कोअर काठावर असेल तर या वाटेचा विचार जरूर करा.

अर्ज: इथे घाई नको, उशीरही नको

तिसऱ्या वर्षात असल्यापासून गेट देता येते, वयाची अट नाही. परीक्षा आयआयएससी आणि मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, कानपूर, खरगपूर, मद्रास, रुरकी या सात आयआयटी मिळून घेतात आणि दर वर्षी त्यातली एक आयोजक असते. २०२५ ला रुरकी होती, २०२६ ला गुवाहाटी. संकेतस्थळ त्यामुळे दर वर्षी बदलतं. जुनं उघडून बसू नका. अर्ज साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीतल्या शनिवार-रविवारी होते. २०२६ च्या गेटला मुदतीत भरलेल्या अर्जाचं शुल्क एका पेपरला २,००० रुपये होतं. महिला, एससी, एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना १,०००. मुदतीनंतर ५०० जास्त.

महाराष्ट्रातल्या मुलांच्या अर्जात दोन गोष्टी हमखास अडकतात.

पहिली नावाची. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा शेवटी. कुठे वडिलांचं नाव असतं, कुठे नसतं. अर्जात नाव लिहायचं ते परीक्षेला जे मूळ ओळखपत्र नेणार आहात त्यावर आहे तसंच. आधार आणि गुणपत्रिका यांत स्पेलिंगचा फरक असेल तर अर्जाआधीच, जूनमध्ये, आधार दुरुस्त करून घ्या.

दुसरी प्रवर्गाची. राज्यातले एनटी, व्हीजे, एसबीसी हे प्रवर्ग केंद्रीय संस्थांत नसतात. त्यातले बरेच समाज केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, तेव्हा आपल्या जातीची नोंद केंद्रीय यादीत आहे का ते आधी तपासा. एसईबीसी आरक्षण आयआयटी-एनआयटीत लागू नाही. ओबीसींना नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं, राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही, आणि प्रवेशाच्या वेळी चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेलं मागतात. ईडब्ल्यूएसचंही तसंच. तहसीलमध्ये सेतूवर अर्ज करताना ‘केंद्राच्या नोकरी-शिक्षणासाठी’ असं स्पष्ट सांगा. एप्रिल-मेमध्ये तिथे गर्दी उसळते, म्हणून १ एप्रिल उजाडला की पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका. ओबीसी मुलांना गेटच्या शुल्कात सवलत नसते, हेही लक्षात ठेवा. ती फक्त वर सांगितलेल्या गटांना आहे.

पेपर एकूण ३० आहेत आणि ठरलेल्या जोड्यांमधून दोन निवडता येतात. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आला. त्यामुळे मेकॅनिकल-सिव्हिलची मुलंही तिकडे वळू लागली. वळायला हरकत नाही, पण ज्या विभागात जायचंय तो विभाग तुमची बी.ई.ची शाखा आणि हा पेपर यांची जोडी स्वीकारतो का, हे त्याच्या माहितीपत्रकात आधी पाहा. नाहीतर स्कोअर हातात येतो आणि अर्जच करता येत नाही.

पेपरची रचना, आणि तिच्यातून निघणारं गणित

३ तास, ६५ प्रश्न, १०० गुण. जनरल ॲप्टिट्यूडचे १० प्रश्न, १५ गुण. विषयाचे ५५ प्रश्न, ८५ गुण, म्हणजे २५ प्रश्न एका गुणाचे आणि ३० दोन गुणांचे. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटरसारख्या बहुतेक इंजिनिअरिंग पेपरांत त्या ८५ पैकी १३ गुण गणिताचे असतात. म्हणजे ॲप्टिट्यूड आणि गणित मिळून २८ गुण झाले. त्यांचा अभ्यास मर्यादित आहे, प्रश्न ओळखीचे असतात आणि विद्यापीठात एम-थ्रीमध्ये (गणिताच्या तिसऱ्या पेपरात) केटी लागलेल्यालाही तीन महिन्यांत ते हाताशी येतात. तरी बहुतेक जण ‘ॲप्टिट्यूड काय, शेवटी बघू’ म्हणून सोडतात. मग ५५ वर अडकलेले गुण ६२ करण्यासाठी कोअरमधले अवघड टॉपिक घोकत बसतात.

प्रश्न तीन प्रकारचे. एकच पर्याय बरोबर असणारे एमसीक्यू. एक किंवा अधिक पर्याय बरोबर असणारे एमएसक्यू, जे २०२१ पासून आले. आणि उत्तर आकड्यात भरायचे एनएटी. ऋण गुण फक्त एमसीक्यूला: एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. एमएसक्यूला सगळे बरोबर पर्याय निवडले आणि चुकीचा एकही नाही, तरच गुण. अर्धवट उत्तराला काही मिळत नाही.

आता हिशोब. चार पर्यायांत डोळे झाकून खूण केली तर चारात एकदा १ गुण मिळतो, तीनदा एक तृतीयांश जातो. सरासरी शून्य. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी एक नवमांश गुण पदरात पडतो. दोन बाद केले तर एक तृतीयांश. म्हणजे नियम असा: काहीच माहीत नसेल तर सोडा, एक जरी पर्याय बाद झाला तर उत्तर द्या. एमएसक्यू आणि एनएटी मात्र कोरे सोडायचेच नाहीत. तिथे गमावण्यासारखं काहीच नसतं.

स्कोअर १००० पैकी निघतो आणि तो गुणांच्या सरळ प्रमाणात नसतो. खुल्या प्रवर्गाच्या पात्रता गुणांना ३५० स्कोअर धरतात, आणि सर्वांत वरच्या ०.१ टक्के किंवा १० उमेदवारांच्या (जी संख्या मोठी असेल ती) सरासरी गुणांना ९००. मधले सगळे या दोन टोकांच्या रेषेवर बसतात. समजा पात्रता २८ गुणांवर आहे, वरची सरासरी ७८ आणि तुम्हाला ५३. तर ३५० + ५५० × (२५ ÷ ५०) = ६२५. पेपर कठीण गेला म्हणून रडू नये ते यासाठी, दोन्ही टोकं तुमच्याबरोबरच खाली सरकतात. पात्रता म्हणजे २५ गुण किंवा सरासरी अधिक एक प्रमाण विचलन, यातलं जे मोठं असेल ते. ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला त्याच्या ९० टक्के, एससी, एसटी आणि दिव्यांगांना दोन तृतीयांश.

जुलै ते जानेवारी

तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यापासून सात महिने मिळतात. त्यात कॅम्पस, प्रोजेक्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबरची सेमिस्टर येते, तेव्हा प्रत्यक्षात साडेपाच धरा. कॉलेजच्या दिवशी ४ तास, रविवारी ८ तास जमले तरी पुरतात. सलग बारा तासांची वेळापत्रकं पंधरवड्यात कोलमडतात.

आपल्या विद्यापीठांची परीक्षा सिद्धता, आकृती, ‘टीपा लिहा’ अशी असते. गेटला सिद्धता कुणी विचारत नाही. त्या सिद्धतेतलं कुठलं गृहीतक मोडलं की सूत्र लागू होत नाही, ते विचारतात. म्हणून सेमच्या आदल्या रात्री वाचायची लोकल पब्लिकेशनची पुस्तकं इथे निकामी ठरतात. प्रत्येक विषयाला एक प्रमाण पुस्तक घ्या, एकच, आणि जिथे अडेल तिथे एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत ती पाहा. सगळी मालिका बघायची नाही. अडलेला तास बघायचा.

विषयांचा क्रम महत्त्वाचा. मेकॅनिकलला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आधी, मशीन डिझाइन नंतर; थर्मोडायनॅमिक्स आधी, मग टर्बाइन-रेफ्रिजरेशन; फ्लुइड झाल्याशिवाय हीट ट्रान्सफरला हात लावू नका. सिव्हिलला स्ट्रेंथ, मग स्ट्रक्चरल ॲनालिसिस, मग आरसीसी. इलेक्ट्रिकलला नेटवर्क्सशिवाय काहीच सुरू होत नाही. कॉम्प्युटरला डिस्क्रीट मॅथ्स आणि सी, मग डेटा स्ट्रक्चर, मग अल्गोरिदम. गणित सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून, रोज ४५ मिनिटं: लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, प्रोबॅबिलिटी, न्यूमेरिकल मेथड्स. कॉम्प्युटरवाल्यांनी आपला अभ्यासक्रम बघून यादी बदलून घ्यावी.

एका टॉपिकला एक तास वाचन झालं की दोन तास प्रश्न, हे प्रमाण सोडू नका. नुसतं व्याख्यान बघितलं की सगळं समजल्यासारखं वाटतं. पेन हातात घेतला की पहिल्या ओळीलाच गाडी अडते. त्याच दिवशी त्या टॉपिकचे मागच्या १५ वर्षांचे प्रश्न सोडवा. फक्त शेवटच्या तीन वर्षांचे पेपर न बघता बाजूला ठेवा. जानेवारीत पूर्ण पेपर म्हणून सोडवायला ते लागतील, आणि त्यांच्याइतका खरा मॉक (सराव पेपर) कुठलाही क्लास देऊ शकत नाही.

सूत्रांची वही विषयामागे ८-१० पानांच्या वर जाऊ देऊ नका. चाळीस पानांच्या ‘शॉर्ट नोट्स’ जानेवारीत कुणी उघडत नाही. प्रत्येक सूत्राखाली ते कधी चालत नाही, याची एक ओळ लिहा.

क्लास लावावा का? ज्याला घरी बसून अभ्यास होत नाही त्याने शिस्तीसाठी लावावा. बाकीच्यांनी टेस्ट सिरीज घ्यावी, तिथे पैसे वाचवू नयेत.

मॉक आणि चुकांची वही

ऑक्टोबरपासून विषयवार टेस्ट, डिसेंबरच्या मध्यापासून पूर्ण पेपर. १२ ते १५ पूर्ण मॉक पुरेसे. जास्त दिले की तपासायला वेळ राहत नाही, आणि तपासला नाही तो मॉक वाया. तीन तासांच्या पेपरला तीन तास तपासणी द्या. चुकलेला प्रत्येक प्रश्न चारपैकी एका खान्यात टाका: संकल्पना येत नव्हती, सूत्र विसरलो, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही. पाच मॉकनंतर वही उघडली की बहुतेकांचे शेवटचे दोन खाने फुगलेले दिसतात. तिथे पुन्हा थिअरी वाचून काही उपयोग नाही.

आकडेमोडीच्या चुका ठरावीक असतात. मिमी आणि मीटर, किलोपास्कल आणि मेगापास्कल. त्रिज्येऐवजी व्यास. सेल्सियसचं केल्विन न करणं. एनएटीत मधल्या पायरीवरच दोन दशांश स्थळांना तोडणं, ज्यामुळे शेवटचं उत्तर मान्य कक्षेच्या बाहेर जातं. मधे चार स्थळं ठेवा, शेवटी तोडा. ‘खालीलपैकी कोणतं विधान चूक आहे’ मधला ‘चूक’ नजरेतून सुटणं.

आणि कॅल्क्युलेटर. स्वतःचा नेता येत नाही, पडद्यावरचा माऊसने चालवावा लागतो. तो आपल्या खिशातल्या कॅल्क्युलेटरसारखा वागत नाही: वर्गमूळ किंवा साइन काढताना आधी आकडा, मग फंक्शनचं बटण. सुरुवातीला तो अंशांवर असतो, रेडियन हवं तर बदलावं लागतं. एनएटीचं उत्तरही पडद्यावरच्या कीपॅडनेच भरायचं. पहिल्या मॉकपासून याचाच वापर करा. खिशातल्या कॅल्क्युलेटरच्या सवयीने दिलेल्या मॉकचे गुण फुगलेले असतात.

परीक्षेचा दिवस

प्रवेशपत्राची छापील प्रत, मूळ ओळखपत्र, पेन. घड्याळ, मोबाइल बाहेर. कच्च्या कामासाठी पॅड तिथेच मिळतं आणि परत द्यावं लागतं.

पहिली २० ते २५ मिनिटं ॲप्टिट्यूड, मग एक पूर्ण फेरी ज्यात फक्त दोन मिनिटांत सुटणारे प्रश्न, मग दुसरी फेरी लांब प्रश्नांची. शेवटची १५ मिनिटं कोरे एनएटी आणि एमएसक्यू भरायला ठेवा. एकाच प्रश्नावर सहा मिनिटं गेली की उठा तिथून, तो कितीही ओळखीचा वाटला तरी. उत्तर देऊन ‘रिव्ह्यू’ची खूण केलेला प्रश्न तपासला जातो, तेव्हा खूण काढायला धावपळ नको. मात्र पर्याय निवडून जतनाचं बटण न दाबता पुढे गेलात तर ते उत्तर धरलं जात नाही.

निकालानंतर तीन वेगवेगळ्या रांगा

निकाल मार्चमध्ये लागतो. स्कोअरकार्ड त्याच दिवशी उतरवून दोन ठिकाणी जपून ठेवा. मेअखेरनंतर त्यासाठी शुल्क लागतं.

आयआयटीत प्रत्येक संस्थेचा अर्ज वेगळा भरावा लागतो, तेही मार्च-एप्रिलमध्ये. त्याशिवाय सीओएपी या पोर्टलवर नोंदणी करावी लागते, कारण ऑफर तिथेच दिसते. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो: सीओएपीवर नोंदणी केली म्हणजे आयआयटीत अर्ज झाला, असं नाही. ऑफर आली की तीन पर्याय असतात. ‘ॲक्सेप्ट अँड फ्रीझ’ म्हणजे घेतली, आता पुढच्या फेऱ्या नाहीत. ‘रिटेन अँड वेट’ म्हणजे ही हातात ठेवून पुढची वाट बघतो. ‘रिजेक्ट अँड वेट’ म्हणजे ही सोडली, आणि सोडलेली परत येत नाही. वेळेत काहीच निवडलं नाही तरी ऑफर हातची जाते.

एनआयटी आणि ट्रिपलआयटींसाठी सीसीएमटी या सामाईक प्रवेश प्रक्रियेची वेगळी नोंदणी. इथे एकाच अर्जात पसंतीक्रम भरायचा असतो. क्रम लावताना मागच्या वर्षीच्या कटऑफला घाबरून खालचं वर टाकू नका. जे सर्वांत हवंय तेच पहिलं. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्याची संधी कमी होत नाही. जागा मिळाल्यावर ‘स्लाइड’ म्हणजे त्याच संस्थेत वरची पसंती हवी, ‘फ्लोट’ म्हणजे कुठल्याही संस्थेत. बी.ई.ला खुल्या प्रवर्गाला ६० टक्के किंवा ६.५ सीजीपीए लागतो, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ५५ टक्के किंवा ६.०. काठावर असाल तर आठव्या सेमिस्टरला प्रोजेक्टचे गुण गांभीर्याने घ्या.

राज्यातल्या कॉलेजांसाठी सीईटी कक्षाची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया असते. ती आयआयटी-एनआयटीनंतर रेंगाळत चालते. गेटवाल्यांना प्राधान्य मिळतं, उरलेल्या जागा बी.ई.च्या गुणांवर भरतात. सीओएपी किंवा सीसीएमटीत मनासारखं झालं नाही तरी ही नोंदणी करून ठेवा.

शेवटचा कागद बी.ई.च्या निकालाचा. आपल्या विद्यापीठांचा आठव्या सेमिस्टरचा निकाल कधीकधी प्रवेशाच्या तारखेनंतर लागतो. अशा वेळी संस्था हमीपत्र घेऊन तात्पुरता प्रवेश देतात आणि बहुधा सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत देतात. त्यासाठी सातव्या सेमिस्टरपर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका आणि कॉलेजचं ‘अंतिम परीक्षेला बसला आहे’ असं पत्र जूनमध्येच काढून ठेवा. जुलैत कॉलेजच्या ऑफिसात नवीन प्रवेशांची रांग लागलेली असते आणि सही करणारे प्राचार्य जागेवर सापडत नाहीत.